वितळणाऱ्या मार्गांचा इतिहास

मनुष्यास कोणत्या गोष्टीचा नाद लागेल याचा नेम नाही. कोणी पोस्टाची तिकिटे जमवितो, कोणी जुनी नाणी, तर कोणी नुसती पाहिलेली स्थळेच जमवितो. स्कॉटलंडमध्ये सर ह्यू मन्रो यांनी १८९१ साली तेथील तीन हजार फुटांहून उंच अशा डोंगरांची यादी प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून ती सारी यादी पायांखाली घालण्याचे व्रत घेणाऱ्यांचा एक पंथच निर्माण झाला. अष्टविनायकांची यात्रा सात ठिकाणी थांबवून घरी परतणाऱ्या यात्रेकरूस जी रुखरुख लागते, तिचीच ही लौकिक आवृत्ती होय. संख्या पुरी करण्यात एक निराळेच समाधान असते.

याच कुळातील एक पंथ अमेरिकेत आहे. मोटारींच्या शर्यतींचे हे शौकीन असून त्यांस तिकडे ‘ट्रॅकचेसर’ म्हणतात. आपण त्यांस ‘मार्गयात्री’ म्हणू. शर्यत कोणी जिंकली यापेक्षा ती कोठे झाली याचे त्यांस अगत्य अधिक. जो मार्ग पूर्वी पाहिला नाही तेथे जावयाचे, शर्यत पाहावयाची, आणि आपल्या संख्येत एकाची भर घालावयाची, असा हा व्यवसाय आहे. नियम साधा पण कडक. मार्गावर स्वतः हजर राहून चालू शर्यत डोळ्यांनी पाहिली पाहिजे. नुसता रिकामा मार्ग पाहून आल्यास तो जमेस धरीत नाहीत. शेकडो मार्ग पाहिलेले गृहस्थ या पंथात आढळतात. मिशिगनमधील ॲलन ब्राउन यांनी तर अमेरिकेतील चालू व बंद पडलेल्या शर्यतमार्गांची एक जाडजूड जंत्रीच सिद्ध केली आहे. या यात्रेकरूंची ती तीर्थावळी म्हटली तरी चालेल.

या छंदाची हकीकत प्रथम वाचली तेव्हा मला हसू आले, हे कबूल केले पाहिजे. परंतु पुढे वाचता वाचता एका ठिकाणी मी अडखळलो. हिवाळ्यात, इतर मार्ग बंद असतात तेव्हा, हे लोक उत्तरेकडे जातात आणि गोठलेल्या तळ्यांवर आखलेल्या मार्गांवरील शर्यती पाहतात. जानेवारीत तळ्यावर फाळके घातलेली मोटार फिरवून बर्फावरील हिम बाजूस सारतात. उरलेल्या निसरड्या पट्ट्यावर आठवडा-दोन आठवडे किंवा फार तर सहा-सात आठवडे शर्यती होतात. मार्चमध्ये तो मार्ग पाणी होऊन जातो. पुढल्या वर्षी त्याच तळ्यावर पुन्हा मार्ग आखला, पण त्याची वळणे निराळी पडली, तर तो मार्ग जुना की नवा? जेथे उभे राहून आपण शर्यत पाहिली तेथे एप्रिलमध्ये मासे पोहत असतील, तर त्या स्थळास आपण ‘भेट दिली’ म्हणजे नेमके काय केले?

मी गेली तीस वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवीत आलो. इतिहासास दोन पाय असतात, एक अवशेषांचा व दुसरा कागदांचा, असे विद्यार्थ्यांस सांगत आलो. ज्याचा अवशेष प्रतिवर्षी निसर्गच पुसून टाकतो अशा वस्तूचा इतिहास लिहावयाचा कसा, हा प्रश्न मला या मार्गयात्र्यांनी घातला. त्यांचा छंद हास्यास्पद नसून एका मोठ्या कामाचा अजाणता केलेला आरंभ आहे, अशी आता माझी समजूत झाली आहे. ती का झाली हे सांगण्यासाठी बर्फावरील शर्यतींचा इतिहास थोडक्यात पाहिला पाहिजे.

आपल्या वाचकांस तळ्यातील बर्फ अगदीच परका नाही. मुंबईकरांनी बर्फ प्रथम पाहिला तो यंत्रातला नव्हे, तर तळ्यातला. फ्रेडरिक ट्यूडर या बॉस्टनच्या व्यापाऱ्याने तिकडील तळ्यांतील बर्फ करवतींनी कापून १८३३ साली ‘टस्कनी’ जहाजातून कलकत्त्यास पाठविला. निघताना १८० टन असलेला माल चार महिन्यांच्या प्रवासानंतर सुमारे १०० टन उरला होता. लवकरच तो मुंबईसही येऊ लागला व तेथे त्यासाठी स्वतंत्र बर्फखाना उभा राहिला. आपल्या पणजोबांच्या पेल्यात विरघळलेला तो खडा आणि ज्या थरावरून आज मोटारी धावतात तो थर, ही एकाच जातीची वस्तू होय.

हा थर एवढा भार पेलतो कसा? पाणी थंड होत जाते तसे ते घट्ट व जड होते. परंतु सुमारे ४ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की ते उलट हलके होऊ लागते. त्यामुळे तळे गोठते ते वरून खाली, आणि बर्फ पाण्यावर तरंगत राहतो. खालच्या पाण्याचा टेका आणि वरच्या थराची ताठरता या दोहोंवर त्याची भार वाहण्याची शक्ती अवलंबून असते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याचे सरकारी खाते लोकांस सांगते की, स्वच्छ नव्या बर्फावरून मनुष्यास चालावयाचे तर किमान ४ इंच जाडी हवी, आणि लहान मोटार न्यावयाची तर ९ ते १० इंच. बर्फ पांढुरका व पोकळ असेल तर हीच जाडी दुप्पट धरावी. म्हणजे या खेळाचे भवितव्य शेवटी एका ओंजळभर मापावर येऊन ठेपते. ९ इंच भरले तर शर्यत. ५ भरले तर प्रेक्षक घरी.

या मापावर विसंबून केलेले एक आद्य साहस म्हणजे हेन्री फोर्ड यांचे. १९०३ सालच्या जूनमध्ये त्यांची मोटार कंपनी स्थापन झाली होती आणि नव्या गाडीकडे लोकांचे लक्ष वेधून घेणे जरूर होते. १२ जानेवारी १९०४ रोजी मिशिगनमधील सेंट क्लेअर सरोवराच्या अँकर बे नामक गोठलेल्या उपसागरावर त्यांनी स्वतः आपली अजस्र शर्यतगाडी चालविली. बर्फ झाडून त्यावर राख व कोळशाची खर पसरली होती. शेजारी स्पायडर हफ या टोपणनावाचा त्यांचा यंत्रज्ञ इंधनाची कळ सांभाळीत होता. बर्फास जागोजाग भेगा पडल्या होत्या. प्रत्येक भेगेशी गाडी हवेत उडे, आणि खाली आली की घसरे, असे फोर्ड यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. एक मैल अंतर ३९.४ सेकंदांत काटले गेले, म्हणजे ताशी ९१.३७ मैल वेग झाला. पंधराच दिवसांनी, २७ जानेवारीस, विल्यम व्हँडरबिल्ट याने फ्लॉरिडाच्या वाळवंटी किनाऱ्यावर ताशी ९२.३० मैल वेगाने गाडी हाकून तो विक्रम मोडला.

या प्रसंगातील एक गोष्ट माझ्या मनात घर करून बसली. पहिला विक्रम बर्फावर झाला, तो बर्फ त्याच वसंत ऋतूत वितळला. दुसरा भरती-ओहोटीच्या वाळूवर झाला, ती वाळू त्याच सायंकाळी लाटांनी धुतली असेल. दोन्ही मार्गांचा कणही आज उरलेला नाही. उरले ते दोन आकडे, आणि ते उरले याचे कारण एवढेच की, कोणीतरी हातात घड्याळ धरून तेथे उभा होता व त्याने ते लिहून ठेवले.

युरोपात बर्फावरील शर्यतीस सणाचे रूप आले ते १९३०च्या दशकात. स्वीडनमध्ये १९३१ साली रेमेन सरोवराच्या परिसरात हिवाळी ग्रां प्री भरली; मार्गाचा काही भाग जंगलातील रस्त्यांवरून तर काही गोठलेल्या सरोवरावरून जात असे. ऑस्ट्रियातील त्सेल आम झे या गावी १९३७ साली गोठलेल्या सरोवरावर मोटारसायकलींमागे दोर बांधून, पायांस लाकडी पट्ट्या लावलेल्या स्वारांस ओढण्याची शर्यत झाली. याच गावाजवळ प्रसिद्ध मोटारतज्ज्ञ फर्डिनांड पोर्शे यांची वाडी होती. १९५१ साली ते वारले, त्यांचे दफन त्याच वाडीत झाले, आणि १९५२च्या फेब्रुवारीत त्यांच्या स्मरणार्थ त्या सरोवरावर मोटारींची शर्यत भरविण्यात आली. तेथील एक स्पर्धक ओटो माथे याची कथा सांगण्याजोगी आहे. १९३४ साली मोटारसायकलच्या अपघातात त्याचा उजवा हात निकामी झाला होता. त्याने पोर्शे यांची एक जुनी, उजव्या बाजूस सुकाणू असलेली गाडी मिळविली, कारण तीत वेग बदलण्याचा दांडा डाव्या हाताशी येई; वळणावर छातीने चक्र दाबून धरावयाचे व डाव्या हाताने दांडा ओढावयाचा, अशा रीतीने तो शर्यती जिंकीत असे. सरोवरावरील ही परंपरा १९७४ पर्यंत चालली आणि मग खंडित झाली. २०१९ साली पोर्शे घराण्यातील एका तरुण वंशजाने व त्याच्या मित्राने ती पुन्हा सुरू केली. जुन्या गाड्या आल्या, दोरामागून ओढले जाणारे स्वारही आले. फक्त सरोवर आले नाही. नवी शर्यत गावाच्या विमानतळाच्या जमिनीवर बर्फाचा मार्ग करून झाली. नाव तेच, गाव तेच, ऋतू तोच. परंतु पायांखालचे पाणी नाहीसे झाले.

ऑस्ट्रियातील शर्यतीस उत्सवाचे रूप होते. रशियात मोटारसायकलींच्या बर्फावरील शर्यतीने कडक स्पर्धेचे रूप घेतले. जगज्जेतेपदाची अधिकृत स्पर्धा १९६६ साली सुरू झाली, आणि पहिला जगज्जेता ठरला उफा शहरचा गब्द्राहमान कदिरोव्ह. १९६६ ते १९७३ या आठ वर्षांत त्याने सहा वेळा ते पद जिंकले. पुढे निकोलाय क्रास्निकोव्ह याने २००५ ते २०१२ अशी सलग आठ वर्षे ते आपल्याकडे राखले. या मोटारसायकलीची रचना ऐकली की अंगावर काटा येतो. इंजिन एका नळकांड्याचे, ५०० घनसेंटिमीटरचे, मद्यार्कावर चालणारे. ब्रेक मुळीच नाही. आणि दोन्ही चाकांच्या टायरांतून बोटाच्या एका पेराएवढे, सुमारे २८ मिलिमीटरपर्यंतचे, शेकडो अणकुचीदार खिळे बाहेर आलेले. चार स्वार डावीकडे वळत वळत चार फेऱ्या मारतात. खिळ्यांची पकड एवढी जबर असते की, वळणावर गाडी जवळजवळ आडवी होते व स्वाराचा डावा गुडघा बर्फावर घासत जातो. म्हणून त्या पायास जुन्या टायराचा तुकडा बांधतात. निसरडेपणासाठी प्रसिद्ध असलेली वस्तू खिळ्यांच्या योगाने डांबराहून अधिक पकड देऊ लागते, हा यातील चमत्कार होय.

परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. ही शर्यत बंदिस्त क्रीडांगणातील बर्फावर नेता येते. जर्मनीत इन्झेल व बर्लिन येथे, नेदरलँड्समध्ये आसेन व हेरेनवेन येथे, बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी नळ्यांतून थंडावा खेळवून गोठविलेल्या धावपट्ट्यांवर या शर्यती झाल्या आहेत. तेथे थंडीची वाट पाहावी लागत नाही. कळ दाबली की बर्फ धरतो. शिवाय मार्ग नाहीसे होण्यास ऊनच लागते असेही नाही. युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ साली रशियन स्वारांस जागतिक स्पर्धेतून वगळण्यात आले. ज्या देशाने या खेळास बहुतेक सारे जगज्जेते दिले, त्या देशातील बर्फ जागेवरच राहून जागतिक स्पर्धेच्या नकाशावरून पुसला गेला.

फ्रान्समधील इतिहास आणखी एका पायरीवरचा आहे. तेथे १९९०च्या सुमारास माक्स मामेर्स यांनी, मुरंबे करणाऱ्या आंद्रोस कंपनीच्या आश्रयाने, बर्फावरील मोटारशर्यतींची मालिका सुरू केली. सरोवर तेथे नव्हतेच. व्हाल तोराँस, इझोला २००० अशा सुमारे २००० मीटर किंवा त्याहून अधिक उंचीवरील पर्वतस्थळी जमिनीवर बर्फाचे मार्ग तयार करीत. पॅरिसच्या मोठ्या क्रीडागारातही बर्फ आणून एकदोन रात्रींचा मार्ग उभारीत. इव्हान म्युलर याने ही मालिका दहा वेळा जिंकली. चार वेळा जगज्जेता ठरलेला आलें प्रोस्त निवृत्तीनंतर येथे उतरला व तीनदा विजयी झाला. २००९-१०च्या हंगामात विजेवर चालणाऱ्या गाड्या प्रथम आल्या, आणि २०१९-२०पासून साऱ्याच गाड्या विजेच्या झाल्या. २०२४ साली ही मालिका बंद पडली. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात मिंडन या लहान गावी जत्रेच्या मैदानावर रात्री-अपरात्री पाणी ओतून ते गोठवितात व त्यावर मोटारी धावतात. तेथे बुडण्याचे भय नाही, कारण बर्फाखाली पाणी नसून माती आहे.

आता ही सारी उदाहरणे कालक्रमाने एका ओळीत मांडून पाहावी. १९०४ साली सरोवर, १९३१ साली सरोवर, १९३७ ते १९७४ सरोवर. त्यानंतर यंत्राने गोठविलेले क्रीडांगण, पाणी ओतलेले मैदान, उंच पर्वत, विमानतळ. बर्फावरील शर्यत हळूहळू सरोवरावरून उतरून जमिनीवर येत आहे, असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. येथे उतावळेपणा करता कामा नये. इतिहासकाराने एकाच कारणाच्या गळ्यात सारी माळ घालू नये, असे मी इतरांस सांगत असतो; तेव्हा तो नियम मलाही लागू आहे. जमिनीवर येण्यास हवामानाखेरीज इतर कारणे पुष्कळ आहेत. हजारो प्रेक्षकांचा भार सरोवरावर घेणे धोक्याचे. विम्याचा खर्च मोठा. तिकिटांसाठी कुंपण हवे. प्रक्षेपणासाठी तारीख महिनोन्महिने आधी ठरवावी लागते, आणि सरोवर कोणाचे वेळापत्रक पाळीत नाही. शिवाय मिनेसोटा व विस्कॉन्सिनमध्ये सरोवरावरील शर्यती सर्वस्वी संपल्या आहेत असेही नाही. मार्गयात्री तेथे जातात ते त्यामुळेच. मग या स्थलांतरात कडाक्याची थंडी ओसरण्याचा वाटा किती? हा प्रश्न केवळ शर्यतींच्या जाहिराती वाचून सुटणार नाही. त्यास बर्फाच्या तारखांच्या नोंदी हव्यात.

आणि सुदैवाने अशा नोंदी जगात आहेत. विलक्षण गोष्ट ही की, त्यांपैकी अत्यंत मोलाच्या नोंदी शास्त्रज्ञांनी ठेवलेल्या नाहीत.

जपानमध्ये सुवा नावाचे सरोवर आहे. ते गोठले म्हणजे थंडीच्या ताणाने बर्फास तडे जाऊन त्यांच्या कडा उंच वर येतात आणि सरोवराच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत उंचवट्यांची एक वाट उमटते. एका काठावरील देव पैलतीरावरील आपल्या देवीच्या भेटीस बर्फावरून चालत गेला, त्याची ही पावले, अशी तेथील श्रद्धा आहे. देव कोणत्या दिवशी गेला हे लिहून ठेवणे हे तेथील पुजाऱ्यांचे काम. आणि १४४३ सालापासून ते ही नोंद ठेवीत आले आहेत. फिनलंड व स्वीडन यांच्या सीमेवरील टॉर्ने नदीचा बर्फ केव्हा फुटतो याची नोंद १६९३ साली ओलोफ आल्बोम नावाच्या एका व्यापाऱ्याने सुरू केली. नदी मोकळी झाली की नावा चालणार, एवढाच त्याचा हेतू. अलास्कातील नेनाना या गावी तर हे काम जुगाराने केले. १९१७ साली तेथे रेल्वेच्या कामावर असलेल्या मंडळींनी नदीचा बर्फ कोणत्या मिनिटास फुटेल यावर ८०० डॉलरांची पैज लावली. तेव्हापासून दरसाल बर्फावर लाकडी तिकाटणे उभे करून ते दोरीने काठावरील घड्याळास बांधतात, आणि बर्फ हलून दोरी ताणली की घड्याळ थांबते. पैशाचा प्रश्न असल्यामुळे या नोंदीत मिनिटाचीही चूक खपत नाही.

या तिन्ही वह्या पुढे शास्त्रज्ञांच्या हाती आल्या. २००१ साली नेनानाच्या पैजेच्या नोंदींवरून दाखविण्यात आले की, १९१७च्या मानाने बर्फ सरासरी साडेपाच दिवस आधी फुटू लागला आहे. २०१६ साली टोरांटो येथील सपना शर्मा व विस्कॉन्सिनचे जॉन मॅग्नसन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह सुवा व टॉर्ने यांच्या नोंदी एकत्र तपासल्या. सुवा सरोवर पहिल्या अडीचशे वर्षांत अवघ्या तीन हिवाळ्यांत गोठले नव्हते. १९५५ ते २००४ या पन्नास वर्षांत ते बारा वेळा गोठले नाही. २०१८ साली देवाची वाट उमटली; त्यानंतर २०२५ पर्यंत ती उमटली नाही. पुजारी मात्र दरवर्षी पहाटेच्या अंधारात काठावर जातात, तापमान पाहतात आणि लिहितात की, यंदा सरोवर मोकळेच राहिले.

देवाची वाट पाहणारा पुजारी, नावेची वाट पाहणारा व्यापारी, पैशाची वाट पाहणारा कामगार: यांपैकी एकासही आपण पृथ्वीच्या प्रकृतीची नाडी पाहत आहो याची जाणीव नव्हती. त्यांनी फक्त एक गोष्ट केली. एकाच स्थळी, एकाच रीतीने, न चुकता तारीख लिहिली. या पंक्तीत आपल्या मार्गयात्र्यास बसविता येईल काय?

बसविता येईल, पण एका अटीवर; आणि ती अट त्याच्या छंदाच्या नियमाविरुद्ध जाते. नियम असा की, शर्यत पाहिली तरच मार्ग जमेस धरावयाचा. समजा, एखादा गृहस्थ शनिवारी पहाटे उठून तीनशे मैल गाडी हाकीत एका तळ्यावर गेला, आणि काठावर त्यास समजले की, बर्फ ५ इंचच धरला आहे, म्हणून शर्यत रद्द. त्याच्या हिशेबी तो दिवस शून्य होय. कॉफी पिऊन तो परत फिरेल, आणि त्याच्या यादीत त्या तळ्याचे नावही येणार नाही. परंतु इतिहासाच्या हिशेबी त्याने आयुष्यात पाहिलेल्या शंभर शर्यतींहून ही न झालेली शर्यत अधिक बोलकी आहे. अमुक तळे, अमुक तारीख, बर्फ ५ इंच, शर्यत नाही. ही ओळ त्याने लिहिली नाही तर कोण लिहिणार? शर्यत भरविणारी मंडळी विजेत्यांची नावे जपून ठेवतात. रद्द झालेल्या शर्यतीस विजेता नसतो, म्हणून तिची आठवण कोणी ठेवीत नाही. सुवाच्या पुजाऱ्यांचे मोठेपण येथेच आहे. देव आला त्या वर्षांची नोंद भक्तीनेही झाली असती. देव आला नाही त्या वर्षांचीही नोंद त्यांनी ठेवली, म्हणून ती वही शास्त्रास उपयोगी पडली.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. ज्या धुरामुळे हवा तापते असे शास्त्रज्ञ सांगतात, तो सोडीतच या मोटारी बर्फावर धावतात, आणि तो सोडीतच हा मार्गयात्री शेकडो मैल, कधी विमानाने हजारो मैल, तो बर्फ पाहावयास जातो. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालविणाऱ्याने फांदीचा जमाखर्च लिहावा, यात विसंगती नाही काय? आहे, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. फ्रान्समधील मंडळींनी विजेच्या गाड्या आणून तिचा एक अंश दूर केला. तरी मार्गावर बर्फ आणण्याचा खर्च राहिलाच. परंतु इतिहासाचे साक्षीदार निर्दोष असावे लागत नाहीत. ट्यूडर काही परोपकारासाठी बर्फ विकीत नव्हता, आणि नेनानाचे कामगार काही पुण्यकर्म करीत नव्हते. साक्षीदाराकडून आपण एवढेच मागतो की, त्याने तेथे असावे, डोळे उघडे ठेवावेत आणि पाहिले ते लिहावे. स्थळाची ओढ, संख्येचा हट्ट आणि तारखेची काटेकोर सवय हे तिन्ही गुण मार्गयात्र्याच्या अंगी आधीच आहेत. कमी आहे ती फक्त अपयशाची नोंद ठेवण्याची वृत्ती.

बर्फावरील मार्ग मी स्वतः डोळ्यांनी पाहिलेला नाही आणि या वयात तो पाहण्याचा योग येईल असे वाटत नाही. तथापि या लोकांस ‘रिकामटेकडे’ म्हणण्याचे मी सोडले आहे. वर्गात अवशेष आणि कागद हे दोन पाय सांगताना आता मी एक पुस्ती जोडतो. काही गोष्टींस अवशेष असतच नाहीत. त्या घडतात, वितळतात आणि जातात. त्यांच्या बाबतीत इतिहास एका पायावर उभा असतो, आणि तो पाय म्हणजे त्या दिवशी तेथे हजर असलेल्या कोणा सामान्य मनुष्याची वही. फोर्डच्या मैलाचे ३९.४ सेकंद अशाच एका वहीमुळे राहिले. सरोवरांवरील शर्यती आणखी किती हिवाळे चालतील हे मला सांगता येणार नाही; पण ज्या शनिवारी त्या चालणार नाहीत, त्या शनिवारी काठावर उभा राहिलेल्या गृहस्थाने घरी परतण्यापूर्वी बर्फाची जाडी तेवढी विचारून घ्यावी, आणि ती आपल्या वहीत लिहावी, एवढीच माझी त्यास विनंती आहे. संख्येत भर पडली नाही तरी चालेल.